तालीचा गाभा

पातेल्याच्या बुडाला चिकटलेला भात ओलांदीनाने झाऱ्याने खरवडून काढला, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि पातेलं पुन्हा चुलीवर चढवलं. शाळेच्या पडवीत बांबूच्या बाकांवर चौसष्ट पोरं बसली होती. रोज या वेळेला ताटल्यांचा असा खडखडाट चालायचा की मेस्त्रे अब्राऊ वर्गातून ओरडत बाहेर यायचे. आज कुणी ताटली वाजवत नव्हतं. पोरं नुसती चुलीकडे बघत होती.

घाटात डोंगराचा मोठा लचका रस्त्यावर येऊन पडला त्याला तेरा दिवस झाले होते. शाळेच्या तांदळाचा ट्रक पलीकडे अडकून बसला होता. एरवी आठ-दहा दिवस कुणाचं अडत नसे, घरोघरी मका असायचा. पण यंदा नेहमीसारखा नोव्हेंबरात पहिला पाऊस पडला, सगळ्यांनी टोकण केली आणि मग तीन आठवडे आभाळात ढगाचा ठिपका दिसला नाही. कोंब करपून गेले. चुलीवर धुरात टांगलेली बियाण्याची कणसं उतरवून लोकांनी दुसऱ्यांदा टोकलं. मग पाऊस आला तो असा आला की घाटच खचला. आता शेतात मका गुडघ्याएवढा होता. कणीस भरायला अजून सहा-सात आठवडे. आणि ड्रममधल्या जुन्या मक्याचा किड्यांनी भुसा करून ठेवलेला.

ओलांदीनाने प्रत्येक ताटलीत दीड पळी पेज वाढली. शेवटच्या बाकावर पोचेपर्यंत पळीत नुसतं पांढरं पाणी येऊ लागलं.

"उद्याचं काय?" मेस्त्रे अब्राऊंनी हळूच विचारलं. ते शहरातले, चष्म्याला दोरी बांधलेले, पोरांना कधी हात न लावणारे मास्तर होते.

"उद्याचं पोतं मला दाखवा, मेस्त्रे. शिजवायला मी बसलेच आहे."

"जेवण नसलं की अर्धी पोरं येत नाहीत."

"मग अर्ध्यांना शिकवा." असं बोलून गेल्यावर तिलाच वाईट वाटलं. रिकाम्या पोत्यांची घडी घालत ती म्हणाली, "रागावू नका. सकाळपासून माझ्याही पोटात काही नाही."

ओलांदीना राजधानीतली, दिलीची. सहा वर्षांपूर्वी झेफेरीनोशी लग्न करून ती या गावात आली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, "भात कुठंय?" सासरी पाहुणा आला तरच भात शिजायचा. रोजचं म्हणजे मका, कंद, पपईची पानं. तिला भाताशिवाय जेवल्यासारखंच वाटत नसे. शाळेत स्वयंपाकाचं काम मिळालं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिला याचा झाला होता, की रोज पांढऱ्याशुभ्र भाताचं पातेलं आपल्या हाताने उतरवायचं. गावातल्या बायकाही आता मुलांना सांगत, शाळेत जा, भात मिळेल.

घरी सासू डुकरांपुढे केळीच्या खोडाचा चोथा टाकत होती. बुई-मेता ठेंगणी, काळी, पानाने ओठ लाल झालेली बाई. पासष्टी उलटलेली, पण पाठ ताठ. लग्नाच्या वर्षी ओलांदीनाने तिला असंच ताली ताडाचं खोड कुटून डुकरांना घालताना पाहिलं होतं. "हे म्हणे पूर्वी माणसं खायची!" असं म्हणून ती खूप हसली होती. सासू तेव्हा काही बोलली नव्हती. तशी ती फारसं कधीच बोलत नसे.

दुपारी चौघं जेवायला बसली. अवेळी उपटलेला कसावा, बोटाएवढे कंद, वर शेवग्याची पानं. चार वर्षांच्या नेलाने आपला कंद संपवला, मग आईचा संपवला आणि आजीच्या पानाकडे बघू लागली. बुई-मेताने आपलं पान तिच्यापुढे सरकवलं.

"ड्रममध्ये काही उरलंय?" तिने मुलाला विचारलं.

"पीठच पीठ," झेफेरीनो म्हणाला. "किडे आपल्याआधी जेवून गेले."

"कुऱ्हाडीला धार लाव मग. दोन्हींना."

झेफेरीनोचा घास हातातच राहिला. "अमा, लोक हसतील."

"हसू देत. हसायलाही पोटात काहीतरी लागतं."

"आणि तालीला बंदी आहे. लोई-माऊने स्वतः खोडांवर खुणेची पानं टांगलीत."

"त्याच्याकडेच जायचंय. सुपारी आहे का घरात? बघ." मग ती सुनेकडे वळली. "तुझ्या शाळेत पोरं किती?"

"चौसष्ट."

बुई-मेताने मान हलवली, जणू मनात कसलंतरी माप भरत होती.

*

लोई-माऊ कुळाच्या पवित्र घराच्या पायरीशी बसला होता. झाड तोडायचं, पाणी वळवायचं, माणूस पुरायचा, सगळ्याला त्याचा शब्द लागे. दोन्ही डोळ्यांत पांढरं पडलेलं. पावलांवरून तो माणूस ओळखायचा.

"बुई-मेता, आज तुझ्याबरोबर शहराची चप्पल आहे," तो म्हणाला. ओलांदीनाने चप्पल काढून बाजूला ठेवली.

बुई-मेताने त्याच्या पुढ्यात पान-सुपारी मांडली. "एक ताली हवी."

"कोण मागतंय?"

"शाळेची पोरं. आणि ज्याच्या घरी चूल नाही तो."

म्हाताऱ्याने बराच वेळ सुपारी चघळली. ओढ्याकाठची तालीची मोठी झाडं संपत आली होती. घरांच्या छपरासाठी, डुकरांसाठी, कशाकशासाठी तोडली गेली होती. म्हणून तर बंदी घातली. जुनी अशी दोनच उरली होती.

"एक," तो शेवटी म्हणाला. "दुसरीला हात लागला तर मला सांगायला येऊ नका. पूर्वजांनाच जाऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी उजाडताच बारा-तेरा माणसं कुऱ्हाडी, कोयते, पहारी घेऊन ओढ्याकडे निघाली. पुढे गास्पार, झेफेरीनोचा चुलतभाऊ. दिलीत दोन वर्षं बांधकामावर राहून आलेला, आवाज मोठा, अंगात जोर. काल तोही उपाशीच झोपला होता, पण चालीत ते दिसू देत नव्हता.

पहिली ताली ओढ्याच्या अगदी काठावर. ओलांदीनाने मान वर केली आणि तिला टोपी सावरावी लागली, इतकी ताली उंच होती. खोड दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढं. टोकाला झावळ्या वाळून लोंबत होत्या आणि त्यांच्यावर आणखी एक झाडच उगवल्यासारखा प्रचंड तुरा उभा होता. तुऱ्याला हिरव्या मण्यांसारखी फळं लगडली होती. किती, ते मोजायला माणसाचं एक आयुष्य पुरलं नसतं.

"हीच," गास्पार म्हणाला. "बघा, कशी भरलीय! पाणीही शेजारी आहे, वाहायला नको."

"ही नाही," बुई-मेता म्हणाली. तिने वरच्या बाजूला, चढावर उभ्या असलेल्या दुसऱ्या झाडाकडे बोट केलं. "ती. तिच्या नव्या झावळ्या आखूड यायला लागल्यात. फुलांची पोय अजून पोटात आहे."

"अगं तिया, ती हिच्या निम्मी आहे. आणि तिथून गाभा खाली आणायचा कुणी? पोटात काही नाही इथं कुणाच्या," गास्पार काकूला म्हणाला.

"हिच्यात काही नाही, गास्पार. हिने सगळं वर दिलंय."

"फळं धरलीत आणि झाड रिकामं? नारळाचं कधी असं पाहिलंय का?" माणसं हसली. "तिया, आता डुकरांचं खाणं तू निवड, माणसांचं आम्ही निवडतो."

ओलांदीनाने सासूकडे पाहिलं. बुई-मेताचे ओठ एकदा हलले. एवढ्या माणसांत पुन्हा बोलावं की नाही, हे तिला ठरवता येईना. तेवढ्यात पहिला घाव बसला. झेफेरीनोने आईकडे बघितलं, खाली बघितलं आणि तोही कुऱ्हाड घेऊन पुढे झाला.

तालीची साल म्हणजे लोखंड. घाव घातला की कुऱ्हाड उडून परत यायची. दोन माणसं दहा दहा घाव घालून बाजूला होत आणि दुसरी दोन येत. ऊन चढलं. रिकाम्या पोटी माणसांना घाम नीट येत नाही, अंग नुसतं चिकट होतं. झेफेरीनोला एकदा भोवळ आली, तो गुडघ्यांवर बसला आणि पुन्हा उठला. दुपार कलली तेव्हा झाड कण्हलं, थोडं वळलं आणि ओढ्यावर आडवं पडलं. जमीन पायाखाली हलली. फळांचा तुरा फुटला आणि हिरवे मणी पाण्यात, दगडांवर, माणसांच्या पायांत उधळले.

गास्पारने पहार घालून खोड उकललं. आत काथ्यासारखे ओले धागे होते. त्याने मूठभर उपसून पिळले. पाणी गळलं, नुसतं स्वच्छ पाणी. त्याने आणखी वर जाऊन फोडलं, मग आणखी वर. सगळीकडे काथ्या आणि पाणी.

एकजण ओढ्यात जाऊन पाणी प्यायला आणि तिथेच बसून राहिला. गास्पारच्या हाताला फोड येऊन फुटले होते. ते तो पाण्यात बुडवून बसला.

"मी सांगितलं होतं," असं सासू म्हणेल याची ओलांदीना वाट बघत होती. बुई-मेता वाकली, चिखलात पडलेला एक हिरवा मणी तिने उचलला, पुसला आणि पुन्हा खाली ठेवला.

"चल माझ्याबरोबर," ती सुनेला म्हणाली.

*

झाड पडल्याचा आवाज लोई-माऊने ऐकला होता. "मोकळं पडलं ते," तो लांबूनच म्हणाला. "भरलेलं झाड असं वाजत नाही."

"चूक माझी," बुई-मेता त्याच्यासमोर खाली बसली. "मला माहीत होतं. मी एकदाच बोलले. दुसऱ्यांदा बोलायला हवं होतं."

"एक दिली होती."

"हो."

"एकच म्हटलं होतं मी."

"हो. मी भांडायला आले नाही." तिने पदराने तोंड पुसलं. "लढाईच्या दिवसांत डोंगरात आम्हीही असंच केलं होतं. जवळपासचं शेवटचं झाड. आभाळातून विमानं फिरायची म्हणून सगळे गुहेत दडलेले. माणसं उभी राहू शकत नव्हती. तरी बायकांनी मिळून चार दिवस घाव घातले. मला दिसत होतं की पोय फुटून फळं धरलीत. पण दुसरं झाड लांब होतं आणि मला वाटलं, असेल थोडं. थोडं तरी असेल. आतून हे असंच निघालं. तेव्हा माझी थोरली होती. पाचव्या दिवशी नव्हती."

ओलांदीना दारात उभी होती. झेफेरीनोला मोठी बहीण होती हे सहा वर्षांत या घरात कुणी तिला सांगितलं नव्हतं. खुद्द झेफेरीनोला तरी ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

लोई-माऊने आपले पांढरे डोळे सुनेच्या दिशेने वळवले.

"पोरी, ती एक झाड सांगते. त्याच्या आधीची सांगत नाही. अकरा झाडं होती. कोणत्यात आहे, कोणत्यात नाही, हे तीच बघायची. वय काय तिचं, पंचवीस-सव्वीस. तीन गावांची माणसं त्या पिठावर पावसाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत जगली. मीही त्यातलाच. माझा बाप, माझ्या बहिणी. तुझ्या मेस्त्रेंच्या शाळेत आज जी पोरं येतात ना, त्यातल्या निम्म्यांचे आजे या बाईच्या हातचं खाऊन जगलेत. आम्ही खाली उतरलो आणि पुन्हा कुणी त्याचं नाव घेतलं नाही. त्या दिवसांचं कुणाला काही नको होतं. ती चवही नको होती."

ओलांदीनाला आपलं ते लग्नाच्या वर्षीचं हसणं आठवलं. समोर जमिनीवर बसलेली ही ठेंगणी बाई तीच होती, जिला ती रोज सांगायची, अमा, भात असा नाही, असा शिजवायचा.

लोई-माऊने हाताने चाचपत पायरीवरचा कोयता उचलला, बुई-मेतापुढे धरला.

"या वेळी पहिला घाव तू घाल," तो म्हणाला. "मग तोंड उघडायची हिंमत कुणाची होते ते बघू."

*

दुसऱ्या सकाळी चढावरच्या तालीपुढे सगळे गोळा झाले. कालच्यापेक्षा माणसं कमी होती, बायका जास्त. गास्पार आला होता, हाताला चिंध्या गुंडाळून, सगळ्यांच्या मागे.

बुई-मेताने कोयत्याच्या पाठीने खोडावर ठोकलं. कान लावला. दोन हात वर ठोकलं. मग खालच्या अंगाला बोटभर खाच पाडली, आतला तुकडा काढून चावला, थुंकला नाही. चावत राहिली. तुकड्याचा पांढरा चोथा तळहातावर घेऊन तिने तो गास्पारपुढे धरला.

"पीळ."

गास्पारने दोन बोटांत पिळला. दुधासारखं पाणी निघालं. त्याने बोटं एकमेकांवर घासली आणि ती पिठूळ झाली.

"तिया, काल मी..." तो म्हणाला.

"कुऱ्हाड चालव. बोलायचं ते मग बोल."

झाड पडलं तेव्हा मोकळा आवाज झाला नाही. जड, दबका धक्का बसला, मोठी म्हैस जमिनीवर बसावी तसा. खोड उकललं आणि आत बुडापासून शेंड्यापर्यंत गाभा होता. ओला, फिका गुलाबी, घट्ट. ओलांदीनाने त्यावर हात ठेवला. तो थंड होता. तिने सासूला विचारलं, "किती वर्षांचं असेल हे?"

"माझ्या आईने मला दाखवलं होतं तेव्हा ते माझ्या कमरेएवढं होतं." बुई-मेता बाही वर सारत म्हणाली. "साठ वर्षं भरत होतं. एकदाच फुलायचं, आणि मरायचं. त्या एका फुलण्यासाठी जमवलेलं आपण घेतोय. म्हणून वाया घालवायचं नाही. एक मूठसुद्धा नाही."

मग काम सुरू झालं ते तीन दिवस चाललं. पुरुष गाभा तासून काढत. बायका उखळात कुटत, चौघी चौघी एका उखळाभोवती, मुसळं एकामागून एक. आवाज ओढ्याच्या दोन्ही काठांनी घुमत जाई. कुटलेला भुसा पोकळ खोडाच्या डोणीत टाकायचा, पाणी ओतायचं, मळायचं, नारळाच्या जाळीतून पिळायचं. लालसर पाणी खालच्या डोणीत उतरायचं. ओलांदीनाला बुई-मेताने पिळायला बसवलं. पहिल्या तासात तिची मनगटं भरून आली.

"जोराने नको," सासू म्हणाली. "पोराचं डोकं धुतेस तसं. ते आपणहून सुटतं."

संध्याकाळी बुई-मेताने वरची निवळ अलगद ओतून दिली. ओलांदीना डोणीवर वाकली. बुडाशी पांढरा साका बसला होता, वीतभर जाड. गुळगुळीत, सावलीतही चमकणारा. तिने बोट टेकवलं तर ते चिखलासारखं रुतलं नाही, कुरकुरलं. सकाळी जे उभं झाड होतं, ज्यावर पाखरं बसली होती, ते आता तिच्या बोटाखाली पीठ होऊन बसलं होतं. तिला एकदम भीतीसारखं काहीतरी वाटलं. चर्चमध्ये मोठा घंटानाद चालू असताना वाटतं तसं. तिने क्रूसाची खूण केली.

"काय झालं?" झेफेरीनोने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "इतकं?"

पीठ भरायला दुसरं काही नव्हतं. शाळेतली तांदळाची रिकामी पोती आणली. परदेशी अक्षरं छापलेल्या त्या पोत्यांत ओला पांढरा साका भरला गेला. पाच पोती आणि वर एक घमेलं.

*

चौथ्या दिवशी शाळेच्या चुलीवर तवे चढले. बुई-मेता जमिनीवर बसून ओल्या पिठात खवलेला नारळ मिसळत होती आणि तव्यावर पातळ थर पसरत होती. तेल नाही, काही नाही. थर आपोआप धरायचा, कडा सुटायच्या. मुगाचं पातळ कालवण शेजारी रटरटत होतं. शेवग्याचा पाला पोरांनीच ओरबाडून आणला होता.

मेस्त्रे अब्राऊ दारात उभे होते. "ओलांदीना, सरकारी कागदावर भात लिहिलाय. भात, कडधान्य, भाजी. कुणी तपासायला आलं तर?"

"कुणी तपासायला येऊ शकत असतं, मेस्त्रे, तर तांदूळही आला असता."

"आणि पोरांना काही बाधलं तर?"

बाहेर कुंपणाशी दोन-तीन आया उभ्या होत्या. त्यातली एक मोठ्याने म्हणाली, "आमच्या डुकरांनाही ताली घालायचो आम्ही! पोरांना आता त्यांच्याच पंक्तीला बसवणार का?"

बाकांवरच्या पोरांनी ऐकलं. पुढे केलेला एक हात मागे गेला. मोठ्या मुली एकमेकींकडे बघू लागल्या. ओलांदीनाला तो हात मागे गेलेला दिसला आणि सासूचाही दिसला, तव्यावर थांबलेला.

तिने तव्यावरची पहिली पोळी उचलली. ती इतकी गरम होती की बोटं भाजली. पोळी घेऊन ती पडवीच्या मधोमध गेली आणि पोरांच्या बाकावर, त्यांच्यात बसली. तुकडा मोडून तोंडात टाकला.

चव कशासारखी होती ते तिला सांगता आलं नसतं. किंचित आंबूस, किंचित मातीची, मध्ये नारळाचा गोडवा. चिवट होती. चावावी लागली. पण गिळताना घशाखाली काहीतरी उतरलं आणि पोटात जाऊन ठरलं, गेल्या पंधरा दिवसांत काहीच ठरलं नव्हतं तसं. तिने दुसरा तुकडा घेतला. तिसरा. ती जेवत होती हे सगळी शाळा बघत होती, आणि मग तिला स्वतःलाच थांबता येईना. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती खात होती.

"ताई, कसं लागतं?" शेजारच्या पोरीने विचारलं.

"पोटभर लागतं," ओलांदीना म्हणाली. "आणि ऐका. तुमच्या आज्यांना आज घरी जाऊन विचारा, हे कुणी कुणी खाल्लंय. बुई-मेता आजीच्या हातचं कुणी खाल्लंय, ते विचारा. मग उद्या मला येऊन सांगा."

कुंपणापाशी बोललेली बाई बाजूला सरकली. तिच्या मागे तिची म्हातारी सासू काठी टेकत आली होती. ती सरळ आत शिरली, बुई-मेताच्या पुढ्यात बसली आणि तिने दोन्ही हातांची ओंजळ केली. बुई-मेताने पोळी त्यात ठेवली. म्हातारीने ती आधी कपाळाला लावली, मग खाल्ली.

त्यानंतर ताटल्यांचा जो खडखडाट सुरू झाला तो मेस्त्रे अब्राऊंनी थांबवला नाही. त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या आणि तिसरीसाठी ते रांगेत, पोरांच्या मागे, ताटली घेऊन उभे राहिले.

*

सहाव्या दिवशी नदीपलीकडून माणसं आली. पलीकडच्या वाडीची पाच जणं, नदीला कमरेएवढं पाणी असताना एकमेकांचे हात धरून उतरलेली. ओल्या कपड्यांनी ती शाळेसमोर उभी राहिली. गालफडं बसलेली. त्यांच्यातला एक उंच माणूस पुढे झाला.

"मुसळांचा आवाज ऐकला आम्ही," तो म्हणाला. "तीन दिवस. आमच्याकडेही आहेत ताली. पण आमच्यात ज्यांना कळायचं ते सगळे गेले."

गास्पार पोत्यांकडे बघून म्हणाला, "चार उरलीत. त्यातलं एक देऊ. त्याहून जास्त..."

"एक दे," बुई-मेता म्हणाली. "एकाने त्यांचा आठवडा जाईल. पण मग पुढे?" ती चुलीपासून उठली, गुडघे चोळले, हात पदराला पुसले. "तुमच्या झाडांना फळं धरलीत का?"

"एकाला धरलीत. बाकीच्यांचं कळत नाही."

"मग मला बघायला लागेल."

झेफेरीनो पुढे आला. "अमा, पाणी बघितलंस का? आणि तुझं वय?"

"माझं वय मला नको सांगूस. कुऱ्हाड तेवढी घे."

ओलांदीना त्यांच्याबरोबर नदीपर्यंत गेली. गढूळ पाणी मोठमोठी लाकडं घेऊन धावत होतं. पलीकडच्या काठावर बायका-पोरं उभी होती. उंच माणूस पाण्याच्या कडेला गुडघ्यांवर बसला. बुई-मेता त्याच्या खांद्यावर चढली, लहान पोर बसतं तशी, दोन्ही पाय पुढे सोडून. पीठ डोक्यावर घेऊन एकजण पुढे झाला. गास्पार आणि झेफेरीनो दोन्ही बाजूंनी खांदा लावायला उतरले, कुऱ्हाडी वर धरून.

मधल्या धारेत उंच माणसाचा पाय सरकला. तो छातीपर्यंत खाली गेला. गास्पारने अंगाने अंग लावून त्याला सावरलं. सगळे क्षणभर तिथेच थांबले, पाणी त्यांच्याभोवती फुटत होतं, आणि त्या सगळ्यांच्या वर बुई-मेता बसली होती. ताठ पाठ. एका हाताने त्या माणसाचे केस धरलेले. ती मागे बघत नव्हती. पलीकडच्या काठावर, माणसांच्या डोक्यांवरून, चढावरच्या ताडांकडे तिची नजर लागली होती. एका झाडावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर.

पलीकडच्या बायका पाण्यात उतरल्या आणि तिला हातांवर झेलून वर नेलं.

ओलांदीना परत शाळेत आली. तवे थंड झाले होते. तिने चूल फुंकली, घमेल्यातलं पीठ पाण्यात कालवलं, नारळ घातला आणि पहिला थर तव्यावर पसरला. तो जाड झाला. दुसरा फाटला. नेला शेजारी बसून फाटलेले तुकडे खात होती. अकराव्या वेळी कडा आपोआप सुटल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी, पोरं जेवायला बसली असताना, नदीपलीकडून आवाज आला. आधी एकच मुसळ, चाचरत. मग दुसरं, मग तिसरं, एकामागून एक, जुळत जाणारं. पोरांनी ताटल्या खाली ठेवल्या. मेस्त्रे अब्राऊ पडवीत येऊन उभे राहिले. ओलांदीना पिठाचे हात तसेच धरून कुंपणापर्यंत गेली आणि तिथे उभी राहून ऐकत राहिली.